एकच खेप : युकातानच्या घायपातीवर राबलेले कोरियन

४ एप्रिल १९०५ रोजी कोरियातल्या जेमुल्पो बंदरातून, म्हणजे आजच्या इंचॉनमधून, ‘इलफोर्ड’ नावाचे ब्रिटिश जहाज मेक्सिकोकडे निघाले. त्यावर १,०३३ कोरियन होते: ७०२ पुरुष, १३५ स्त्रिया आणि १९६ मुले. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातील मळ्यांवर चार वर्षे मजुरी करण्याचे कंत्राट करून ही माणसे निघाली होती. कोरियातून मेक्सिकोला गेलेली कंत्राटी मजुरांची ही पहिली खेप आणि शेवटचीही, कारण जहाज सुटले त्याच महिन्यात कोरियाच्या दरबाराने परदेशी मजुरीसाठी जाण्यावरच बंदी घातली. त्यामुळे या माणसांच्या मागून नवी भर पडली नाही, गावाकडची ताजी खबर घेऊन कोणी आले नाही. गिरमिटाच्या, म्हणजे कंत्राटाने बांधलेल्या मजुरीच्या, इतिहासात बहुतेक ठिकाणी एकीवर एक लाटा येत राहतात आणि कोणाचे काय झाले हे त्यांत मिसळून जाते. येथे मात्र एकाच जहाजावरच्या लोकांचा माग तीन पिढ्यांपर्यंत काढता येतो, आणि अभ्यासासाठी हे प्रकरण निवडण्याचे कारणही तेच आहे.

या प्रकरणाकडे पाहताना एक प्रश्न समोर ठेवला आहे. या माणसांना मळ्यावर नेमके कशाने बांधून ठेवले? चाबूक होता, कर्जाची वही होती, समुद्र होता. या तिन्हींचे वजन मान्य करूनही माझे मत असे झाले आहे की कंत्राटावर कोरियन मजुराच्या बाजूने उभे राहील असे कोणीच नव्हते, ही गोष्ट त्या तिन्हींहून भारी ठरली.

जाणाऱ्यांना जावेसे का वाटले, हे आधी पाहू. १९०१च्या दुष्काळाने कोरियातील खेडी खचली होती. फेब्रुवारी १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झाले आणि जपानी फौजा देशात उतरल्या. हवाईचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. जानेवारी १९०३ मध्ये पहिले शंभरेक कोरियन होनोलुलूला पोहोचले होते आणि १९०५ पर्यंत हवाईला गेलेल्यांची संख्या सात हजारांच्या वर गेली. तेथून पत्रे येत होती, थोडा पैसाही येत होता. अशा वेळी, १९०४च्या अखेरीस सोलमधील वृत्तपत्रांत मेक्सिकोची जाहिरात छापून आली. मेक्सिको हा अमेरिकेच्या शेजारचा सुधारलेला, श्रीमंत देश असून तेथील हवापाणी उत्तम आहे, रोगराई नाही, श्रीमंत पुष्कळ आणि गरीब थोडे असल्याने मजूर मिळणे कठीण झाले आहे, चिनी आणि जपानी लोक तेथे जाऊन पैसा कमावून आले आहेत, असा तिचा आशय होता. मजूर मिळत नाहीत एवढे त्यातले खरे होते. ते का मिळत नाहीत, हे मात्र जाहिरातीत नव्हते.

ही भरती मायर्स नावाच्या एका दलालाने एका जपानी स्थलांतर कंपनीच्या मदतीने केली. मळेवाल्यांच्या वतीने तो आधी चीन आणि जपानमध्ये फिरला होता, पण युकातानची ख्याती तेथवर पोहोचली असल्याने त्याला माणसे मिळाली नाहीत. कोरियाचा मेक्सिकोशी तहही नव्हता आणि तेथे वकिलातही नव्हती, त्यामुळे ही ख्याती कोरियाला कळण्याचा मार्गच नव्हता. हाती लागलेल्यांत बंदरातले हमाल, सोलमधले रिकामे हात आणि खेड्यांतले कुळवाडी होते, तसेच जुन्या सैन्यातून सुटलेले सुमारे दोनशे शिपाईही होते. हे शिपाई पुढे या कथेत पुन्हा येतील. प्रवाशांतली जवळजवळ एक तृतीयांश माणसे स्त्रिया आणि मुले होती, याचाच अर्थ अनेकांनी घरदार मोडून, किडूकमिडूक विकून, अख्ख्या कुटुंबासह प्रस्थान ठेवले होते. मळेवाल्यांच्या दृष्टीने कुटुंबवाला मजूर हा पळून न जाणारा मजूर असतो.

पॅसिफिक ओलांडून जहाज मे महिन्यात मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील सालिना क्रूझ बंदराला लागले. तेथून आगगाडीने तेहुआंतेपेकची संयोगभूमी ओलांडून कोआत्साकोआल्कोस, तेथून पुन्हा बोटीने युकातानचे प्रोग्रेसो बंदर आणि मग मेरिदा शहर, असा तो मार्ग होता. मेरिदा परिसरातल्या वीसहून अधिक मळ्यांत ही माणसे वाटली गेली. एकाच जहाजाने आलेले लोक एकमेकांपासून काही कोसांवर राहू लागले, आणि परवानगीवाचून मळ्याबाहेर पडता येत नसल्याने त्यांची गाठ पडणे दुरापास्त झाले.

हे मळे एनेकेनचे होते. मराठी वाचकाला ही वनस्पती पाहून अनोळखी वाटणार नाही, कारण ती आपल्या घायपातीची सख्खी बहीण. दख्खनच्या माळावर बांधाला कुंपण म्हणून लावलेली घायपात आणि तिच्या पात्यांपासून वळलेले दोर आपल्या परिचयाचे आहेत. एनेकेनच्या पात्याला टोकाचा काटा असतोच, शिवाय दोन्ही कडांना वाकडे काटे असतात. मजुराने वाकून बुंध्याशी पाते कापायचे, दोन्ही कडांचे काटे दोन फटक्यांत तासायचे, टोक उडवायचे, पन्नास-पन्नास पात्यांची जुडी बांधायची आणि ती खेचरांनी ओढायच्या अरुंद रुळांवरच्या ढकलगाडीपर्यंत खांद्यावरून वाहून न्यायची. मजुरी हजार पात्यांवर मोजली जाई. युकातानची जमीन चुनखडीच्या खडकाची, वर मातीचा पातळ थर. सावली नाही, वाहते पाणी नाही. पात्याचा रस कातडीला लागला की खाज आणि आग सुटते. कोरियातला शेतकरी भाताच्या खाचरात गुडघाभर पाण्यात उभा राहून काम करणारा, त्याचे हात या कामात पहिल्या आठवड्यातच रक्ताळले. बायकांनी जुन्या कापडाच्या पट्ट्या हातापायांना गुंडाळायला शिवून दिल्या. या वनस्पतीला कोरियन मजुरांनी आपल्या उच्चारात ‘एनिक्केंग’ म्हटले, आणि पुढे कोरियात तो शब्द त्या झाडापेक्षा या माणसांसाठीच ओळखला जाऊ लागला.

या पात्यांच्या वाखाचे गिऱ्हाईक हजारो कोसांवर होते. अमेरिका आणि कॅनडाच्या गव्हाच्या शेतांत कापणी-बांधणीची यंत्रे आली होती आणि पेंढी बांधायला त्या यंत्रांना सुतळी लागे. ती सुतळी युकातानच्या वाखाची असे. १९०२ मध्ये यंत्रे बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ ही बलाढ्य कंपनी झाली आणि त्याच वर्षी युकातानचा गव्हर्नर व स्वतः मोठा निर्यातदार असलेल्या ओलेगारिओ मोलिना याने तिच्याशी गुप्त करार केला. खरेदीदार एकच उरल्यावर भाव कोण ठरवणार हे उघडच होते. वाखाचे दर उतरू लागले. ‘हिरवे सोने’ पिकवणारी मोजकी घराणी आपल्या हवेल्यांचा थाट कमी करण्यास तयार नव्हती, तेव्हा तूट मजुराच्या खात्यातून भरून काढली गेली. कोरियन मजूर नेमके या घसरणीच्या काळात युकातानमध्ये उतरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मळ्यांवर सर्वांत खालच्या पायरीवर कोरियन होते असे नव्हे. तेथला मुख्य मजूर स्थानिक माया जमातीचा होता, पिढ्यान्‌पिढ्या कर्जात जखडलेला, आणि त्याचे कर्ज मळ्याबरोबरच विकले जाई. उत्तरेकडील सोनोरा प्रांतातून बंडखोर म्हणून पकडून आणलेले याकी लोक तर हद्दपारीची शिक्षा म्हणून येथे राबत होते आणि भराभर मरत होते. कोरियन मजुराच्या हाती निदान चार वर्षांच्या मुदतीचा कागद होता. तरीही ज्या व्यवस्थेत तो येऊन पडला ती व्यवस्था याच दोघांसाठी बनलेली होती. मुकादमाचा चाबूक, मळ्यावरची कोठडी, पळालेल्याला पकडून आणणारे शिपाई हे सगळे आधीपासून तयार होते, आणि नवा माणूस कोणत्या कागदावर आला आहे हे पाहून मुकादम आपला हात आखडता घेईल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

कर्जाची रीत महाराष्ट्रात वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडणीला निघताना मुकादमाकडून उचल घेणाऱ्या जोडप्याला ती ठाऊक आहे. मळ्यावर मालकाचे एकच दुकान असे. मका, घेवडा, कापड, औषध, जे लागेल ते तेथूनच घ्यायचे आणि ते वहीत मांडले जायचे. सुरुवातीच्या काळात कोरियन मजुराला दिवसाला सुमारे ३५ सेंताव्हो (शंभर सेंताव्होंचा एक पेसो) मिळत आणि त्यांपैकी २५ जेवणातच जात, असा हिशोब सांगितला जातो. तो धरला, तर सव्वीस दिवसांचे नऊ पेसो होतात. १९०५ मध्येच मेक्सिकोने पेसोचा दर अर्धा अमेरिकन डॉलर असा बांधला होता, म्हणजे महिन्याकाठी साडेचार डॉलर. हवाईतल्या उसाच्या मळ्यावर त्याच्याच गावचा माणूस महिन्याला १६ डॉलर मिळवत होता.

फरक केवळ पगाराचा नव्हता. हवाई अमेरिकेचा प्रदेश झाल्यावर १९०० सालापासून तेथे बंधपत्रित मजुरी बेकायदा ठरली होती. हवाईचे कामही कष्टाचेच होते आणि तेथील लुना म्हणजे मुकादमही मारकुटे होते, पण न पटल्यास कोरियन मजूर दुसऱ्या मळ्यावर किंवा थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ शकत होता आणि शेकडो जण तसे गेले. तीच गरिबी, तेच बंदर, दोन वर्षांच्या अंतराने सुटलेली दोन जहाजे, आणि उतरण्याच्या ठिकाणच्या एका कायद्याने दोघांच्या आयुष्याला वेगळी वाट लावली.

जुलै १९०५च्या अखेरीस पहिली खबर कोरियात पोहोचली. मेरिदात राहणाऱ्या एका चिनी गृहस्थाने कोरियनांची अवस्था पाहून लिहिलेला मजकूर सोलमधील वृत्तपत्रात आला. फाटक्या कपड्यांतली, तुटक्या चपला घातलेली ही माणसे पाहून रस्त्यावरचे लोक हसतात आणि त्यांची गत गुराढोरांपेक्षा वाईट आहे, असे त्यात सांगितले होते. पत्र चिनी माणसाने लिहावे यातच सर्व आले, कारण कोरियन मजुराला पत्र पाठवायला वाव नव्हता आणि कोरियाचा वकील तेथे नव्हता. सम्राट कोजाँगने या माणसांना परत आणण्याचा मार्ग काढावा असे फर्मावले. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री युन ची-हो यांना हवाई आणि मेक्सिको या दोन्ही ठिकाणच्या कोरियनांची पाहणी करण्यास धाडण्यात आले. सप्टेंबरमध्ये ते हवाईला पोहोचले, मळ्यामळ्यांवर फिरले, भाषणे केली. मेक्सिकोला मात्र ते कधीच पोहोचले नाहीत. पैसा पुरेसा नव्हता आणि जपानला ते तेथे जायला नको होते. ऑगस्ट १९०४च्या करारापासून कोरियाच्या परराष्ट्र खात्यावर जपानने नेमलेला अमेरिकन सल्लागार बसलेला होता, त्यामुळे एखाद्या देशाकडे स्वतःचा प्रतिनिधी पाठवण्याची मुभाही सोलला उरली नव्हती. परदेशातील कोरियनांची काळजी जपानचे वकील घेतील, अशी जपानची भूमिका होती. १७ नोव्हेंबर १९०५च्या तहाने कोरियाचे परराष्ट्रीय अधिकार उघडपणेच जपानकडे गेले. इलफोर्ड बंदरातून सुटल्याला तेव्हा साडेसात महिने झाले होते.

तुलनेसाठी येथे हिंदुस्थानच्या गिरमिटाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. कोकणातली आणि देशावरची हजारो माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांची मराठी तेथे आजही टिकून आहे. त्यांचे हालही कमी नव्हते. पण त्या व्यवस्थेत स्थलांतरितांचा संरक्षक म्हणून एक अधिकारी असे, तक्रारीची नोंद होई, चौकशी समित्या बसत. हे बहुतांशी कागदावरच राहिले, तरी त्या कागदांच्या आधारावरच ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात गिरमिटाची पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला. सरकारने तो नामंजूर केला, परंतु पाच वर्षांत भरती थांबवावी लागली. गुलाम देशातील मजुरालाही निदान ज्याला जाब विचारता येईल असे सरकार होते. युकातानमधला कोरियन १९०५ साली नावाला स्वतंत्र देशाचा प्रजाजन होता, आणि त्याच्या बाजूने जाब विचारणारे कोणी नव्हते.

कंत्राटाच्या काळात ही माणसे मुकाट राहिली असे समजू नये. पळून जाणे, काम थांबवणे, मुकादमाशी मारामारी हे सर्व घडले. आपल्याच लोकांतले काही दुभाषे मालकांशी हातमिळवणी करून देशबांधवांना नाडत, ही तक्रारही आठवणींत वारंवार येते. सगळे मळे सारखे नव्हते, एखाद्या ठिकाणी मालकाने घरे बरी दिली आणि मारहाण कमी होती. हळूहळू हात बसले. पुरुष स्पॅनिशच्या आधी माया भाषा शिकले, कारण शेजारी कापणी करणारा माया होता, तर स्पॅनिश मालकाची भाषा होती. अविवाहितांनी माया स्त्रियांशी लग्ने केली. जन्मनोंदी करणाऱ्या कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते आडनाव झाले, आणि एकाच कुटुंबातल्या दोन भावांची आडनावे वेगळी झाल्याचीही उदाहरणे आहेत.

मे १९०९ मध्ये चार वर्षे पुरी झाली आणि कंत्राट संपले. मोकळे झाल्यावर काय, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. परतीच्या भाड्याइतकी शिल्लक फारच थोड्यांकडे होती आणि मळ्याबाहेर युकातानमध्ये दुसरा धंदा नव्हता. बहुतेक जण नव्या बोलीवर पुन्हा त्याच पात्यांकडे वळले. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोतील कोरियन राष्ट्रीय संघटनेची शाखा मेरिदात निघाली. अमेरिकेतल्या कोरियनांनी गोळा केलेला पैसा आणि आलेले प्रतिनिधी हा या माणसांना पोहोचलेला पहिला संघटित आधार होता, चार वर्षे उशिरा आलेला. एनेकेनवाल्यांना हवाईला हलवावे अशी योजनाही निघाली, पण अमेरिकेच्या स्थलांतरविषयक नियमांपुढे ती टिकली नाही.

आणि येथे ते जुने शिपाई पुन्हा समोर येतात. कंत्राट संपताच त्यांनी मेरिदात ‘सुंगमू’ नावाची लष्करी शाळा काढली. दिवसभर पाती कापून आलेले शंभराच्या वर तरुण तेथे कवायत करू लागले. ज्या देशासाठी कवायत करायची तो देश २९ ऑगस्ट १९१० रोजी जपानने गिळंकृत केला, आणि दोन-तीन वर्षांत मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीत शाळाही बंद पडली. मळ्यावरच्या खोपटात राहणाऱ्या माणसांनी आधी पतपेढी किंवा दुकान काढण्याऐवजी लष्करी शाळा काढावी, याचे अव्यवहारी म्हणून हसू येऊ शकते. मला ते तसे वाटत नाही. चार वर्षे ज्या गोष्टीच्या अभावी हाल झाले, ती गोष्ट कोणती हे त्यांना बरोबर कळले होते.

मेक्सिकोच्या क्रांतीने युकातानमधील कर्जबाजारी मजुरी १९१४-१५ मध्ये कायद्याने मोडून काढली. कोरियनांपैकी काही तांपिको, मेक्सिको सिटी, पुढे तिहुआना अशा ठिकाणी पांगले. पहिल्या महायुद्धानंतर वाखाची मागणी कोसळली, तेव्हा क्यूबात साखरेला सोन्याचे दिवस आल्याची बातमी कानावर आली. १९२०च्या मे महिन्यात साखरेचा भाव पौंडाला २२ सेंटांवर गेला होता. मार्च १९२१ मध्ये तीनशेच्या आसपास कोरियन क्यूबाच्या मानाती बंदरात उतरले. दरम्यान १९२०च्या डिसेंबरपर्यंतच तो भाव चार सेंटांच्या खाली आला होता. सोळा वर्षांत दुसऱ्यांदा या माणसांनी बाजार पडल्यावर पाऊल टाकले. उसाचे काम मिळेना, तेव्हा बहुतेक कुटुंबे मातान्सासजवळच्या एल बोलो या ठिकाणी गेली. तेथे त्यांना काम मिळाले ते एनेकेनच्या मळ्यावर.

एल बोलोच्या वस्तीत एक रीत पडली होती. स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चमचा बाजूला ठेवायचा, महिनाअखेरीस साठलेला तांदूळ विकायचा आणि तो पैसा स्वातंत्र्यासाठी द्यायचा. अशा रकमांतला काही भाग चीनमध्ये असलेल्या हंगामी कोरियन सरकारपर्यंत पोहोचला, आणि त्याचे प्रमुख किम कू यांनी आपल्या आठवणींत क्यूबातील कोरियनांचा उल्लेख केला. या कामामागे असलेले इम चॉन-थेक आईच्या कडेवर इलफोर्डवर चढले तेव्हा दोन वर्षांचे होते. त्यांनी क्यूबात कोरियन भाषेची शाळा चालवली. त्यांचा मुलगा हेरोनिमो लिम किम हवाना विद्यापीठात कायदा शिकला, क्यूबाच्या क्रांतीत सामील झाला आणि नंतर सरकारी अधिकारी झाला. मुलाच्या नावात बापाचे आणि आईचे आडनाव स्पॅनिश रीतीने एकापुढे एक आले आहे, आणि दोन्ही कोरियन आहेत.

इम चॉन-थेक १९८५ साली क्यूबातच वारले. दक्षिण कोरियाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला आणि २००४ मध्ये त्यांचे अवशेष देजॉनच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्यात आले. दक्षिण कोरिया आणि मेक्सिको यांच्यात राजनैतिक संबंध जुळले ते १९६२ साली. इलफोर्डवरून वयात आलेले म्हणून उतरलेले लोक तोवर बहुतेक संपले होते. क्यूबाशी तसे संबंध १४ फेब्रुवारी २०२४ रोजी जुळले आणि जानेवारी २०२५ मध्ये हवानात दक्षिण कोरियाचा दूतावास उघडला. मातान्सास आणि कार्देनासमध्ये तेव्हा त्या खेपेची चौथी-पाचवी पिढी राहत होती.